यंत्रानं कॅन्सर नव्हे, गाजर ओळखलं

रक्ताच्या नमुन्यावर लेझर टाकून रोगाच्या खुणा शोधण्याबद्दल मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर बीड जिल्ह्यातून एका वाचकांनी सणसणीत प्रतिक्रिया दिली. ते २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवतात. प्रतिक्रिया मोठी आहे, त्यातलं मुख्य तेवढं देतो:

“सर, इथं सीबीसीचं मशीन बंद पडलं तर इंजिनिअर यायला आठ दिवस लागायलेत, आन् तुम्ही लेझरनं कॅन्सर दावायलात. एका थेंबात कॅन्सर दिसतो तर मग बायोप्सी काहून करतेत? लेझरनं आजवर एक तरी रिपोर्ट दिला का? गरीब लोकायला उगं आशा लावू नका. मी ५० ट्यूब देतो, कोणती कुणाची ते सांगणार नाही. ओळखून दावा.”

एवढं सगळं प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय.

दादा, आधी कबुली. ‘एका थेंबात कॅन्सर’ हे शीर्षक माझंच, आणि ते चुकलंच. लेखात मी चार ठिकाणी ‘अजून प्रयोग चालू आहेत’ असं लिहिलंय खरं, पण व्हॉट्सॲपवर शीर्षकच फिरतं, लेख नाही. शीर्षक काल बदललं.

पण ‘लेझरनं एक तरी रिपोर्ट दिला का’ याला मात्र होय म्हणावं लागेल. तुमचं सीबीसीचं मशीन, म्हणजे सेल काउंटर, फाइव्ह-पार्ट (पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार मोजणारं) असेल तर बहुतेक त्याच्या पोटातच एक छोटा लेझर आहे. पांढऱ्या पेशी एकेक करून त्याच्या झोतासमोरून जातात, प्रकाश कसा विखुरला त्यावरून न्यूट्रोफिल कुठली नि लिम्फोसाइट कुठली ते ठरतं. म्हणजे तुम्ही रोज लेझरचेच रिपोर्ट सही करून देताय. हे वर्णपटाचं, म्हणजे रेणू ओळखायचं काम नाही, हे मान्य. मग मोठ्या हॉस्पिटलांतलं माल्डी-टॉफ हे जंतू ओळखायचं यंत्र घ्या. कल्चर प्लेटवर वाढवलेली जंतूंची वसाहत काडीनं स्टीलच्या पट्टीवर फासायची, वर एका आम्लाचा थेंब सोडायचा, तो वाळला की लेझरचा ठोका. जंतूची प्रथिनं उडतात, नळीतून धावतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. त्या वेळांवरून जंतूचं नाव काही मिनिटांत. लेझरनं मोठे रेणू न मोडता उडवण्याच्या कामासाठी जपानच्या कोइची तनाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. अर्थात आधी जंतू वाढवावाच लागतो, ते तुमचंच काम. ते सुटत नाही.

तुमचा खरा राग रामनवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखायच्या पद्धतीवर आहे, आणि मी लिहिलं होतं तेही त्याच्यावरच. दर २८ फेब्रुवारीला आमच्या कॉलेजात समुद्र निळा का दिसतो यावर एकच भाषण सात मुलं करतात, त्यामुळे सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधाची गोष्ट पुन्हा सांगत नाही. एवढंच सांगतो: नमुन्यावर ७८५ नॅनोमीटरचा लेझर टाकला की बहुतेक सगळा प्रकाश जसा गेला तसाच परत येतो. साधारण कोटीत एखादा प्रकाशकण रेणूला थोडी ऊर्जा देऊन बदललेला येतो. रक्तातल्या प्रथिनात फेनिलअॅलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याला धडकून आलेला कण ८५२ नॅनोमीटरच्या आसपास सापडतो. आलेखावर ती सुळकी (टोकदार उंचवटा) १००३ वेव्हनंबरला दिसते; वेव्हनंबर म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेत किती फरक पडला ते मोजायचं माप. प्रत्येक रेणूची सुळकी आपापल्या जागी. पाण्याचा अडथळा फार होत नाही, म्हणून ओल्या नमुन्यांना ही पद्धत सोयीची. एवढीच जादू आहे, आणि ती खरी आहे.

गडबड पुढे होते. आमचीच गोष्ट सांगतो, मागच्या लेखात ती लिहायची लाज वाटली होती.

आमच्या परभणीच्या विभागात सुटकेसएवढा एक जुना रामन स्पेक्ट्रोमीटर आहे. दोन वर्षांपूर्वी रीतसर परवानग्या काढून आम्ही एका हॉस्पिटलमधून तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव) आणलं. तुलनेला निरोगी म्हणून आमच्याच होस्टेलची पोरं, आणि ते दिवस जानेवारीचे. आलेख काढले, संगणकाला शिकवलं आणि परीक्षा घेतली. पठ्ठ्यानं शंभरात नव्वदच्या वर बरोबर सांगितलं. त्या संध्याकाळी आम्ही पेढे वाटले हो.

दोन दिवसांनी एम.एस्सी.च्या एका मुलीनं विचारलं, “सर, हा फरक नेमका कोणत्या सुळक्यांवरून कळतोय?” बघितलं तर ११५७ आणि १५२५. या दोन्ही कॅरोटिनॉइडच्या. गाजर, मेथी, पालक यांतला रंग. माणसाचं शरीर तो तयार करत नाही, जेवणातूनच येतो. होस्टेलच्या मेसमध्ये जानेवारीत रोज गाजराची कोशिंबीर आणि मेथी. आणि आमचे रुग्ण? तोंड उघडत नाही, घास गिळवत नाही. महिनोन्‌महिने दूध आणि पातळ पेज. यंत्रानं कॅन्सर ओळखलाच नव्हता. कोण चावून खातं ते ओळखलं होतं.

अजून खोदलं तर दुसरं निघालं. रुग्णांचं रक्त पिवळ्या टोपणाच्या जेल ट्यूबमधलं, पोरांचं लाल टोपणाच्या साध्या. तिसरं त्याहून वाईट. एकेका माणसाचे पाच-पाच आलेख काढलेले, त्यातले तीन शिकवायला आणि दोन परीक्षेला. म्हणजे संगणकानं परीक्षेत तोच माणूस पुन्हा पाहिला. पेपर फुटला होता आणि फोडणारे आम्हीच. माणसं नीट वेगळी करून पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा बेट्याचे मार्क धाडकन उतरले.

तेव्हा तुमच्याशी माझं भांडण इतकंच: तुम्ही यंत्राला खोटं म्हणता. यंत्रानं दाखवलेला फरक खरा होता, आम्ही त्याला नाव चुकीचं दिलं. आणि ही चूक पकडायला फिजिक्सपेक्षा लॅबवाला माणूस जास्त उपयोगाचा. सँपल हिमोलाइज झालंय (तांबड्या पेशी फुटल्यात), लायपेमिक आहे (चरबीनं दुधाळ झालंय), सेंट्रिफ्यूजला उशिरा लागलंय, हे तुम्ही ट्यूब उजेडात धरून सांगता. आम्हाला ते आलेखात ‘नवीन खूण’ वाटतं.

आता तुमच्या ‘उगं आशा’ला धरून. इथं मी तुमच्याही पुढं जातो. समजा गावात शिबिर लावलं, १००० माणसं आली, त्यात खरोखर रोग असलेली १०. चाचणी चांगली धरा: दहा रोग्यांतले नऊ पकडते आणि निरोगी शंभरातल्या नव्वदांना बरोबर सोडते. तर ९ रोगी पकडले आणि ९९० निरोगी माणसांतले ९९ उगाच. एकूण १०८, जपमाळेच्या मण्यांइतके. त्यात खरे ९. उरलेले ९९ जण घरी जाऊन काय करतील? कुणी म्हैस विकेल, कुणी अंगाऱ्याला जाईल. वर्तमानपत्रात मात्र ‘९० टक्के अचूक’ असं येईल, आणि ते आकड्यानं खोटंही नसेल. म्हणून रक्तावरून सरसकट गावच्या गाव तपासायची भाषा मी करणार नाही, आधी केली ती मागे घेतो.

मग हे सगळं बांधून माळ्यावर टाकायचं का? नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच जिल्ह्यात आहे.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या कुठं मिळतात ते तुम्हालाही माहीत, मलाही. तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत अशी पंचविशीतली पोरं तुम्ही बघता. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, डॉक्टर म्हणतात तुकडा काढू. तो माणूस ऊसतोडीला निघालेला, मुकादमाची उचल घेतलेली. तुकडा काढला तरी रिपोर्ट येईपर्यंत तो बायकोपोरांसह कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या तळावर. फोन बंद. परत येतो तो उन्हाळ्यात, तोवर चट्ट्याची गाठ झालेली. तुमच्या ड्रॉवरमध्ये असे न नेलेले रिपोर्ट किती पडून असतील!

इथं रामनच्या यंत्राला जोडलेली बारीक फायबरची सळई कामाची ठरू शकते. तोंड दोन बोटं उघडलं तरी ती आत जाते. चट्ट्यावर ठिकठिकाणी टेकवायची, काही सेकंदांत आलेख. ती ‘कॅन्सर आहे’ म्हणणार नाही. या मोठ्या चट्ट्यात तुकडा कुठून काढावा आणि या माणसाला आज बसस्टँडवर जाऊ द्यावं का, एवढं सुचवेल. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात) तोंडाच्या कॅन्सरवर रामनचं काम बरीच वर्षं चालू आहे, ते याच अंगानं वाचावं. बायोप्सी काहून करतेत? कारण शेवटचा शब्द तिचाच, आणि या कामात तो तिचाच राहणार.

तोवर आमच्याकडची साधी अडचण बघा. परभणीत मे महिन्यात पारा ४३ वर जातो. आमच्या यंत्रातल्या लेझरला तापमान स्थिर ठेवायची सोय बेताची. आतला डायोड एक अंशानं तापला तरी सुळक्या चार-पाच वेव्हनंबर सरकतात. यंत्र तपासायची सिलिकॉनची चकती ५२० वेव्हनंबर दाखवायला हवी. सकाळी दाखवते, दुपारी लाइट जाऊन आली की ५२४. कूलर चालू होण्याआधी आणि नंतर एकच माणूस दोन माणसं दिसतो. दर तासाला चकती लावून बघतो, दुसरा इलाज नाही. मशीनचा इंजिनिअर आमच्याकडंही आठ दिवसांनीच येतो.

तर तुमच्या ५० ट्यूब. आव्हान स्वीकारतो, पण लोकांची लेखी संमती आणि नीतिसमितीचा कागद आधी. नंबर तुम्हीच टाका, यादी तुमच्याच कपाटात ठेवा, मला निकाल लिहून झाल्यावर दाखवा. दोन गोष्टी मात्र माझ्या ऐका. तुलनेला ठणठणीत पोरं देऊ नका; ज्यांचं तोंड सुपारीनं आखडलंय पण बायोप्सीत कॅन्सर नाही, असे लोक द्या, म्हणजे दोन्हीकडं पातळ पेजच असेल. आणि सगळ्या ट्यूबांचं टोपण एकाच रंगाचं असू द्या.