सिरम की क्रीम? आधी चेहरा धुवून अर्धा तास काहीच लावू नका

मेडिकलच्या काउंटरला उभं राहिलं की हल्ली डोकेदुखीच्या गोळीपेक्षा सिरमचे प्रश्न जास्त येतात, खरंच सांगते. मोबाईलवर स्क्रीनशॉट तयार असतो, "ताई हे आहे का?" आणि हे म्हणजे काय तर १० टक्के नायसिनामाइडचं सिरम (व्हिटॅमिन बी३चाच एक प्रकार, डाग कमी व्हावेत म्हणून लावतात). मी विचारते, चेहऱ्याला काय होतंय गं? तर म्हणे काही नाही, सगळ्या लावतात ना! आता दुकान माझंच आहे, विकलं तर गल्ल्यात माझ्याच पैसे पडणारेत, तरी लिहितेय, कारण सिरम म्हणजे भारी आणि क्रीम म्हणजे आईच्या जमान्यातलं असं जे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ना ते मला अजिबात पटत नाही. बऱ्याच जणींना आधी एक बरी क्रीम लागते, सिरमचं नंतर बघू, आणि कित्येकींना तर ते लागतही नाही. क्रीम म्हणजे वरणभात नि सिरम म्हणजे लोणचं, नुसत्या लोणच्यावर जेवण होतं का?

आता दोन्हीत फरक काय ते. सिरम बहुतेक वेळा पातळ, पाणीदार, त्यात एखाददुसरं काम करणारं द्रव्य जरा जास्त प्रमाणात, म्हणजे डाग असतील तर डागांसाठी, मुरुम असतील तर मुरुमांसाठी. क्रीममध्ये पाणी आणि तेल दोन्ही असतं. ग्लिसरीनसारख्या गोष्टी पाणी धरून ठेवतात आणि तेल, मेण, पेट्रोलियम जेली वगैरे ते पाणी चेहऱ्यावरून उडून जाऊ देत नाहीत. हे दुसरं काम पातळ सिरमला जमत नाही.

माझी मावसबहीण नागपूरला असते. तिनं उन्हाळ्यात हायलुरॉनिक अॅसिडचं, म्हणजे ग्लिसरीनसारखंच पाणी धरून ठेवणारं, सिरम आणलं आणि फोनवर मलाच ओरडायला लागली की चेहरा आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखा वाटतोय. वाटणारच ना बाई! बाहेर तो कोरडा रखरखीत वारा, ऑफिसात दिवसभर एसी, हवेत ओलावाच नाही आणि तू कोरड्या चेहऱ्यावर ते लावून वर काहीच लावत नाहीस. तिला म्हटलं, तोंड धुतल्यावर खसाखसा पुसू नकोस, चेहरा ओलसर असतानाच सिरम लाव आणि लगेच वरून क्रीम. सिरम तेच ठेवलं, पण तक्रार गेली. तेच आमच्या डोंबिवलीत जुलै महिन्यात सकाळच्या फास्ट लोकलला घट्ट क्रीम थापून चढलात तर ठाण्यापर्यंत सगळं घामाबरोबर गळ्यात. इथं पावसाळ्यात जेलवालं हलकं मॉइश्चरायझर पुरतं आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याला किंवा नाशिकला गाल उलायला लागले की तेच जेल काही कामाचं नाही. म्हणून कुणी नुसतं "माझी स्किन ऑइली आहे" म्हटलं की माझा पुढचा प्रश्न, राहता कुठं आणि दिवसभर बसता कुठं?

आणि ऑइली आहे हे ठरवलं कुणी? पार्लरवालीनं. घरी बघा ना. साध्या फेसवॉशनं तोंड धुवा, टिपून घ्या, काही लावू नका आणि अर्धा तास पंख्याखाली न बसता आपापली कामं करा. सगळा चेहरा चमकला तर तेलकट. गाल ताणले, हसताना ओढ बसली तर कोरडी. कपाळ-नाक चमकतंय आणि गाल कोरडे असं असेल तर मिश्र, आणि ही बऱ्याच जणींची असते, त्यांना मी सांगते एकच क्रीम घ्या, गालावर जास्त लावा, नाकावर नावाला. आणखी एक प्रकार असतो जो कुणाच्या लक्षातच येत नाही, वरून तेल आणि आतून ओढ. कॉलेजच्या मुली दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉशनं घासतात, मॉइश्चरायझरला हात लावत नाहीत कारण पिंपल्स येतील, आणि मग सॅलिसिलिक अॅसिडचं, म्हणजे मुरुमांवरचं, सिरम रोज. चेहरा लाल, चुरचुरतोय, तरी घासणं चालूच. अगं, तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं! फक्त हलकं, जेल टाईप. सॅलिसिलिक २ टक्के, एक दिवसाआड रात्री, तेवढं बास सुरुवातीला.

त्या नायसिनामाइडचं सांगायचं राहिलं. ४-५ टक्क्यांत त्याचं काम व्यवस्थित होतं, १० टक्क्यांनी दुप्पट उजळ होतं असं काही नसतं, काहींना उलट आग होते. पण बाटलीवर आकडा मोठा दिसला की बरं वाटतं आपल्याला, काय करणार.

खोका उलटा करून मागचं वाचायची सवय लावा. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, एक टक्का आणि त्याखालचे मग कसेही. फिनॉक्सीइथेनॉल म्हणून एक प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते एक टक्क्याच्या वर घालतच नाहीत. म्हणजे त्याच्या नंतर जे जे लिहिलंय ते सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. परवा एका काकूंना असंच काउंटरवर दाखवलं, पुढं सोनेरी अक्षरात केशर आणि मागं बघतो तर केशर फिनॉक्सीइथेनॉलच्याही नंतर, अगदी सुगंधाच्या शेजारी. काकू म्हणाल्या, अगंबाई, म्हणजे एवढे पैसे वासाचेच की! (कमी प्रमाणातही चालणाऱ्या गोष्टी असतात हां, रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचा एक प्रकार, बहुतेक वेळा एक टक्का किंवा त्याखालीच असतं. पण दिवस गेलेत किंवा तसा विचार चाललाय तर रेटिनॉल नको म्हणजे नको.)

व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांनो, ती बाटली बाथरूमच्या खिडकीत ठेवू नका. उजेड, उष्णता, हवा, तिन्हींनी ते खराब होतं. पाण्यासारखं होतं ते गडद नारिंगी-तपकिरी झालं की टाकून द्या, पैसे गेले म्हणून चेहऱ्याला फासत बसू नका.

वांग असलेल्या बायका तर सिरमवर किती खर्च करतात, बघवत नाही. आणि सनस्क्रीन? "मी कुठं उन्हात जाते?" भाजी आणायला जाता, गॅलरीत कपडे वाळत घालता, रिक्षात बाजूनं ऊन येतं, ते काय? सनस्क्रीन न लावता डागांचं सिरम लावणं म्हणजे रोज पैसे धुवून टाकणं. वांग असेल तर रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन बघा, त्यात आयर्न ऑक्साइड असतं आणि ते नुसत्या दिसणाऱ्या उजेडापासूनही थोडं वाचवतं, साध्या पांढऱ्या सनस्क्रीनला ते तेवढं जमत नाही. हजार रुपयेच असतील तर आधी सनस्क्रीन, मग मॉइश्चरायझर, उरले तर सिरम. खोबरेल तेलावर माझं प्रेम आहे, हातापायाला खुशाल चोपडा, पण मुरुमांच्या चेहऱ्यावर नको, त्यानं छिद्रं बुजतात.

आता जे बोलताना माझा आवाज चढतो ते. "ती गोरं करणारी ट्यूब द्या, शेजारणीला आठ दिवसांत फरक पडला." आठ दिवसांत फरक पाडणाऱ्या या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, हायड्रोक्विनोन (रंग फिकट करणारं औषध) आणि ट्रेटिनॉइनच्या (रेटिनॉलचा जोरदार भाऊ) जोडीला. ही चेहऱ्याची क्रीम नाही, औषध आहे. २०१८ मध्ये सरकारनं अशी लावायची १४ स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी लोक मागतातच, आणि मी नाही म्हटलं की पलीकडच्या गल्लीत जातात. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर केस येतात, आणि एक दिवस लावलं नाही की चेहरा आगीसारखा लाल, म्हणून परत तीच ट्यूब. अशा चेहऱ्यानं कुणी माझ्याकडं "एखादं सूदिंग सिरम द्या ना" म्हणत आलं तर मी काही विकत नाही. ट्यूबचं नाव कागदावर लिहून देते, किती महिने लावली ते विचारून तेही लिहिते आणि स्किनच्या डॉक्टरांकडं पाठवते, कारण ती कशी सोडवायची हे त्यांनीच ठरवायचं असतं.