ग्रॅज्युएशन हा शब्द वापरायचा कसा

पहिलं म्हणजे ग्रॅज्युएशन 'केलं' असं कधी म्हणू नका. केलं म्हटलं की समोरचा लगेच कशात, कुठून, किती टक्के सुरू करतो. 'झालंय' म्हणायचं. सर्दी होते, जावळ होतं, तसं ग्रॅज्युएशनपण आपोआप होतं, त्यात आपला काही हात नसतो. दोन-तीन केट्या लटकल्या असतील तर 'होत आलंय' म्हणा, आणि अगदीच अंधार असेल तर 'चालू आहे', हे चालू किती वर्षं चालू ठेवायचं यावर अजून कुठला नियम नाही, निर्धास्त रहा.

आता अर्थ. मूळ लॅटिन शब्द ग्रेडस, म्हणजे पाऊल किंवा पायरी. पण हे चारचौघांत बोलू नका, आपल्याकडे पायरी म्हटलं की आंबा आठवतो, आणि पायरी रसाला कितीही चांगला असला तरी पाहुण्यांना पेटी दाखवायची तर हापूसच लागतो. म्हणूनच लग्नाच्या बायोडाटात इंजिनियर असेल तर ठळक अक्षरात इंजिनियर लिहितात आणि बी.ए. असेल तर नुसतं 'ग्रॅज्युएट', विषय गाळून. तुम्हीपण तसंच करा. पुढे काय करतो असं मुलीकडच्यांनी विचारलंच तर 'एमपीएससी करतोय' सांगा, राज्यसेवेला बसायला पदवी लागते त्यामुळे वाक्य खोटं पडत नाही आणि पुण्यातल्या अभ्यासिकेची फी भरल्याची पावती असली की पुरावाही होतो.

खरं तर आपल्याकडे याला झकास शब्द होता, सोडमुंज. गुरूकडचं शिक्षण संपलं की विधिवत आंघोळ करून पोरगं घरी परत यायचं, ती आंघोळ झालेला तो स्नातक. हिंदीवाले अजून तोच शब्द वापरतात, म्हणजे तिकडे ग्रॅज्युएट म्हणजे आंघोळ केलेला माणूस. हॉस्टेलच्या पोरांनी हा शब्द जरा जपूनच वापरावा.

अमेरिकेतल्या भाच्याचं ग्रॅज्युएशन झालं असा फोन आला तर लगेच नोकरी कुठे लागली विचारू नका, तिकडे बारावी झाली तरी ग्रॅज्युएशनच म्हणतात. आणि हसूही नका, कारण आपण त्यांच्या पुढे गेलोय. मुंबई विद्यापीठ १८५७ ला निघालं, पहिले बी.ए. बाहेर पडायला १८६२ उजाडलं, त्यात रानडे आणि भांडारकर होते, रानडे तेव्हा वीस वर्षांचे. वीस वर्षं! आता सिनियर केजीतच उरकतं. भाड्याचा काळा गाऊन, कानावरून घसरणारी टोपी, हातात रिबीन बांधलेला कागद (आत कोराच असतो, मी उघडून बघितलाय), आई रडतेय, बाबा व्हिडिओ काढतायत आणि पदवीधराला शू लागलीय. फोटो मात्र भरपूर काढून घ्या. खऱ्या पदवीच्या वेळी मुलगा सर्टिफिकेट आणायला जाईल तो चप्पल घालून, खिडकीवर, लंच टाईमच्या आधी पोचायचं म्हणून धावत.

आणि ते सर्टिफिकेट जपून ठेवा बरं का, एका ठिकाणी खरंच लागतं. विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघाच्या आहेत. तिथे मत द्यायचं तर पदवी मिळून तीन वर्षं झालेली पाहिजेत, वर नमुना १८ चा फॉर्म, पदवीची साक्षांकित प्रत, आणि दर निवडणुकीला यादी नव्याने बनते त्यामुळे मागच्या वेळी तुम्ही ग्रॅज्युएट होतात याचा यावेळी काही उपयोग नाही, परत सिद्ध करा. आता उमेदवार किती शिकलेला लागत असेल याचा विचार करून दडपण घेऊ नका. पदवीधरांचा आमदार स्वतः पदवीधर असायची गरज नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच सांगून टाकलंय. राज्याच्या मतदार यादीत नाव आणि वय तीस असलं की पात्रता झाली.

तेव्हा कपाटावरच्या सुटकेसमध्ये, लग्नाच्या अल्बमखाली वगैरे एकदा नीट बघा. सापडलं तर मतदार म्हणून नाव नोंदवा. नाहीच सापडलं तर सरळ उमेदवारी अर्ज भरा.