‘एक मार्टिन ल्यूथर किंग सोडले तर काय?’ : मोरहाउसच्या पदवीधरांबद्दलच्या दाव्याला उत्तर

शिक्षण आणि संधी यांवर वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा आशय असा : अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी वेगळी कॉलेजं काढली, त्यांतलं सर्वांत नावाजलेलं म्हणजे अटलांटातलं मोरहाउस. पण दीडशे वर्षांत तिथून एक मार्टिन ल्यूथर किंग निघाले, आणि तेही योगायोगानं. बाकी सगळे चर्चमधले उपदेशक, नट आणि पुढारी. विज्ञानात शून्य. खुल्या स्पर्धेत कुणी टिकलं नाही. सगळे एकाच राजकीय साच्यातले. आणि आता सगळी विद्यापीठं सगळ्यांना खुली असताना अशा संस्थेची गरजच उरलेली नाही.

हा मजकूर शिकलेली माणसं पुढे पाठवतात याचं मला वाईट वाटतं, कारण यातला एकेक मुद्दा सार्वजनिक नोंदींवरून तपासता येतो आणि तपासला की कोसळतो.

मुळात हे कॉलेज सुरू कुठं झालं ते पाहू. १८६७ साली, यादवी युद्ध संपून दोन वर्षं होत असताना, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी स्प्रिंगफील्ड बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात. युद्धापूर्वी याच राज्यात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता. म्हणजे पहिल्या वर्गात बसलेल्यांच्या मागच्या पिढीला अक्षर शिकायचीही मुभा नव्हती. १८७९ मध्ये संस्था अटलांटाला गेली, १९०६ साली जॉन होप हे तिचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि १९१३ पासून तिला मोरहाउस कॉलेज हे नाव मिळालं. संस्थेनं काय दिलं हे मोजायचं तर मोजणी या तळघरापासून करावी लागते.

आता पहिला मुद्दा, किंग योगायोगानं निघाले हा. किंग १९४४ साली मोरहाउसला आले तेव्हा १५ वर्षांचे होते. महायुद्धामुळे वर्ग ओस पडले होते, म्हणून कॉलेजनं शाळा पूर्ण व्हायच्या आधीच प्रवेशपरीक्षा घेऊन हुशार मुलं घ्यायला सुरुवात केली होती. १९४८ मध्ये ते समाजशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. गुण काही डोळे दिपवणारे नव्हते. पण त्या चार वर्षांत दर मंगळवारी सकाळी प्रार्थनासभेत ते ज्यांचं बोलणं ऐकत होते ते अध्यक्ष होते बेंजामिन मेज. पुढे किंग त्यांना आपले आध्यात्मिक गुरू म्हणत.

या मेज यांचा आपल्याकडे विसरला गेलेला धागा वर्ध्याशी जोडलेला आहे. आईवडील गुलामीत जन्मलेले, स्वतः दक्षिण कॅरोलायनात वाढलेले मेज १९३६ च्या अखेरीस वायएमसीएच्या जागतिक परिषदेसाठी म्हैसूरला निघाले होते. वाटेत ते वर्ध्याला गांधीजींना भेटले. दीड तास बोलणं झालं. मेज यांनी अहिंसेबद्दल अवघड प्रश्न विचारले : ही शिकवायची कशी, आणि व्यक्तीपुरती खरी असलेली गोष्ट समूहाला कशी पेलणार? त्याच प्रवासात म्हैसूरकडे एका अस्पृश्यांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख ‘हेही अस्पृश्यच’ अशी करून दिली. मेज यांना आधी धक्का बसला, मग त्यातलं खरेपण उमगलं. हा माणूस १९४० मध्ये मोरहाउसचा अध्यक्ष झाला आणि १९६७ पर्यंत राहिला.

मेज एकटे नव्हते. तरुणपणी, १९२१ ते १९२४, ते याच कॉलेजात गणित शिकवत होते आणि वादविवादाच्या संघाची तयारी करून घेत होते. तेव्हाचे त्यांचे विद्यार्थी धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन, १९२३ चे पदवीधर. थर्मन मेज यांच्याही आधी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, बारडोलीला गांधीजींना भेटले. अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडूनच मिळेल, असं गांधीजी त्या भेटीत म्हणाले. तिसरे मॉर्डेकाय जॉन्सन, १९११ चे पदवीधर, हॉवर्ड विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. भारतातून नुकतेच परतलेल्या जॉन्सन यांचं गांधीजींवरचं व्याख्यान किंगनी १९५० च्या सुमारास फिलाडेल्फियात ऐकलं आणि तिथून निघून गांधीजींवरची पुस्तकं विकत घेतली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९५९ साली मुंबईत आल्यावर किंग गांधीजींच्या मुक्कामाच्या मणिभवनात राहिले, त्याच्या मागे तीन पिढ्यांची ही साखळी होती. तिची प्रत्येक कडी मोरहाउसमधून गेलेली आहे. याला योगायोग म्हणता येत नाही. ९ एप्रिल १९६८ रोजी किंग यांच्या अंत्यविधीतली दुसरी सभा याच कॉलेजच्या आवारात झाली आणि श्रद्धांजलीचं भाषण ७३ वर्षांच्या मेज यांनी केलं. दोघांपैकी जो मागे राहील त्यानं दुसऱ्यासाठी बोलायचं, असं त्यांचं आधीच ठरलं होतं.

‘विज्ञानात शून्य’ हा दावा तर नावं वाचली तरी संपतो. सॅम्युएल नॅब्रिट १९२५ साली मोरहाउसमधून बाहेर पडले आणि १९३२ मध्ये ब्राउन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. माशांच्या शेपटीचे पर तुटल्यावर पुन्हा कसे उगवतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. १९६६ साली ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगावर नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. वॉल्टर मॅसी मिसिसिपीतल्या हॅटीसबर्गचे. दहावीनंतरच शिष्यवृत्तीवर मोरहाउसला आले, १९५८ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली, पुढे अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९९१ ते १९९३ राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे प्रमुख. देशभरातल्या मूलभूत संशोधनाचा पैसा कुठं जावा हे ठरवणारी ही संस्था.

डॉक्टरांबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे. डेव्हिड सॅचर अलाबामातल्या शेतावर जन्मले. आईवडिलांचं प्राथमिक शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. दोन वर्षांचे असताना डांग्या खोकल्यानं ते जवळजवळ गेलेच होते. गावातला एकुलता कृष्णवर्णीय डॉक्टर शेतावर येऊन उपचार करून गेला. १९६३ साली मोरहाउसची पदवी, मधल्या काळात वर्णभेदाविरुद्धच्या ठिय्या आंदोलनांत तुरुंगवास, मग केस वेस्टर्न रिझर्व्हमधून १९७० मध्ये एमडी आणि पीएचडी दोन्ही. पुढे ते रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, संचालक झाले आणि १९९८ ते २००२ देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत देशाला सल्ला देणारे प्रमुख सरकारी डॉक्टर. मानसिक आरोग्यावर सर्जन जनरलचा पहिला अहवाल १९९९ साली निघाला तो त्यांच्या कारकिर्दीत.

आता खुल्या स्पर्धेचा मुद्दा. मला सगळ्यांत जास्त चीड याच वाक्याची येते, कारण त्यात स्पर्धेचं दार कुणी बंद केलं होतं हेच गाळलेलं असतं.

होरेस वॉर्ड १९४९ साली मोरहाउसचे पदवीधर झाले. १९५० मध्ये त्यांनी जॉर्जिया विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अर्ज केला. राज्याचे रहिवासी, शिक्षणात चांगले, तरी नकार मिळाला. दुसऱ्या राज्यात जाऊन शिका, फी आम्ही देतो, असं वर सांगण्यात आलं. त्यांनी खटला भरला. मधेच सैन्यात बोलावणं आलं, कोरियाला जाऊन आले, खटला पुढे चालवला आणि १९५७ मध्ये तो फेटाळला गेला. तोवर ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कायदा शिकायला लागले होते. वकील होऊन परत आल्यावर, ज्या खटल्यामुळे १९६१ च्या जानेवारीत जॉर्जिया विद्यापीठ कृष्णवर्णीयांना उघडावं लागलं, त्याच खटल्यात ते विद्यार्थ्यांच्या बाजूनं काम करत होते. त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक, हॅमिल्टन होम्स, आधी मोरहाउसमध्येच शिकत होता. तिथून तो जॉर्जिया विद्यापीठात गेला, मानाच्या फाय बीटा कॅपा मंडळात निवडला गेला आणि एमरी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला. वॉर्ड यांना १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी संघीय न्यायाधीश नेमलं. जॉर्जियातले ते पहिले कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश.

स्पर्धा टाळणारी माणसं असं वागत नाहीत.

ज्यांना स्पर्धा म्हणजे घड्याळ लावून केलेली मोजणी हवी, त्यांच्यासाठी एडविन मोझेस आहेत. ते खेळाच्या नव्हे, अभ्यासाच्या शिष्यवृत्तीवर मोरहाउसला आले होते. कॉलेजला स्वतःची धावपट्टी नव्हती, म्हणून शहरातल्या शाळांच्या मैदानांवर सराव करायचे. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असल्यानं पावलांचं गणित त्यांनी स्वतः बसवलं : दोन अडथळ्यांमध्ये नेमकी १३ पावलं, शर्यत संपेपर्यंत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत विश्वविक्रमासह सुवर्णपदक, १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा सुवर्ण, आणि १९७७ ते १९८७ या काळात सलग १२२ शर्यतींत अपराजित. १९७८ मध्ये पदवीही घेतली.

एकाच साच्याचा आरोप तर कॉलेजचा इतिहास जराही न वाचता केलेला आहे. हर्मन केन, १९६७ चे गणिताचे पदवीधर, पिझ्झाच्या मोठ्या कंपनीचे प्रमुख होते आणि रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. १९५४ चे लुई सलिव्हन थोरल्या बुश यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होते. १९७९ चे जे जॉन्सन ओबामांच्या मंत्रिमंडळात अंतर्गत सुरक्षामंत्री. ज्युलियन बाँड १९६१ मध्ये पदवी अर्धवट टाकून चळवळीत गेले, जॉर्जियाच्या विधानसभेवर निवडून आले. व्हिएतनाम युद्धाला विरोध केला म्हणून सभागृहानं त्यांना शपथ घेऊ दिली नाही, तेव्हा १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. पदवी त्यांनी १९७१ मध्ये परत येऊन पूर्ण केली. आणि ज्यांना मजकुरात नुसतं ‘नट’ म्हटलं आहे त्या सॅम्युएल जॅक्सन यांनी १९६९ मध्ये इतर विद्यार्थ्यांबरोबर कॉलेजच्याच विश्वस्तांना इमारतीत कोंडून ठेवलं होतं. कोंडलेल्यांत किंग यांचे वडीलही होते. मागणी होती कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात यावा आणि विश्वस्त मंडळात कृष्णवर्णीय वाढावेत. कॉलेजनं त्यांना काढलं; १९७२ मध्ये ते परत येऊन पदवीधर झाले. आपसात इतकं भांडणाऱ्या माणसांचा साचा एक कसा असेल?

राहिला शेवटचा दावा, आता गरज संपली हा. याला उत्तर देताना एक गोष्ट मोकळेपणानं मान्य केली पाहिजे : मोरहाउस श्रीमंत नाही, तिथं येणारी पुष्कळ मुलं कर्ज काढून शिकतात, आणि पैशाअभावी मधेच सोडून जाणारेही आहेत. २०१९ च्या पदवीदान समारंभात उद्योजक रॉबर्ट स्मिथ यांनी त्या वर्षीच्या जवळपास ४०० पदवीधरांचं कर्ज फेडायचं जाहीर केलं. रक्कम सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर झाली. एका वर्गाच्या डोक्यावर एवढं ओझं असणं ही खरी अडचण आहे. पण ती गरिबीची अडचण आहे. ती दाखवून संस्था निरुपयोगी ठरत नाही.

उलट, दारं सगळीकडे उघडी झाल्यावरही मुलं इथं आली. राफाएल वॉर्नॉक सव्हॅना शहरातल्या सरकारी घरकुलात, १२ भावंडांत ११ वे म्हणून वाढले. किंग जिथं शिकले तिथंच शिकायचं म्हणून त्यांनी मोरहाउस निवडलं, १९९१ मध्ये पदवी घेतली आणि २०२१ साली ते जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले.

आणि गरज मोजायचीच असेल तर वर उल्लेख आलेल्या सलिव्हन यांच्याकडे परत पाहा. ते बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले तेव्हा वर्गात एकटे कृष्णवर्णीय होते. १९७५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मोरहाउसचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज ती वेगळी संस्था आहे आणि मोरहाउस कॉलेज फक्त पुरुषांचं असलं तरी तिथं स्त्रियाही शिकतात. जिथं डॉक्टर मिळत नाहीत अशा खेड्यांसाठी आणि शहरातल्या गरीब वस्त्यांसाठी डॉक्टर घडवायचे, हे तिचं उद्दिष्ट. २०१० साली संशोधकांनी अमेरिकेतल्या १४१ वैद्यकीय महाविद्यालयांची क्रमवारी लावली. त्यांनी पाहिलं ते असं : किती पदवीधर प्राथमिक आरोग्यसेवेत राहतात, किती जण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करतात, आणि वंचित गटांतले किती जण तिथून डॉक्टर होतात. यादीत पहिलं आलं मोरहाउस. दुसरं आणि तिसरं, मेहारी आणि हॉवर्ड, हीसुद्धा कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलीच विद्यालयं.