महापेच्या सर्व्हरबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार, आणि तक्रारी तीन: सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम फ्रीबीएसडी १३ वरून १४ ला न्यायचं काम दोन तासांचं सांगून शनिवार-रविवार घालवले, बिल वाढवलं, आणि सोमवारी सकाळी ऑफिसचा मेल बंद. शेवटचं आधी घेतो कारण ती पूर्ण आमची चूक आहे.

तुमचे सगळे मेलबॉक्स डेटाबेसमध्ये आहेत म्हणून पोस्टफिक्स, म्हणजे मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्राम, मायएसक्यूएल या डेटाबेसचा ऑप्शन चालू करून सोर्सवरून (मूळ कोडवरून) बिल्ड केलेला. आम्हीही तसाच केला, रविवारी संध्याकाळी टेस्ट मेल तुमच्यासमोर आले-गेले. मग रात्री आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने एक छोटं टूल राहिलं म्हणून पीकेजी अपग्रेड (तयार पॅकेज बसवणारी-बदलणारी कमांड) मारलं, पीकेजीने ऑप्शन बदललेत असं दाखवून पोस्टफिक्सचं नाव यादीत टाकलं होतं, त्याने यादी न वाचता वाय दाबलं आणि आपल्या पोस्टफिक्सच्या जागी मायएसक्यूएल नसलेलं तयार पॅकेज येऊन बसलं. लॉगमध्ये तेच होतं, अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप मायएसक्यूएल, म्हणजे मायएसक्यूएलमधून वाचताच येत नाही. आधी पीकेजी लॉक पोस्टफिक्स (म्हणजे पोस्टफिक्स बदलू नको) एवढं केलं असतं तरी टळलं असतं. समोरचे सर्व्हर परत परत ट्राय करतात म्हणून मेल हरवले नाहीत, उशिरा आले, पण तुमच्या लोकांची अख्खी सकाळ गेली त्याबद्दल मनापासून सॉरी.

आता दोन दिवसांचं. फोनवर दोन तास मीच बोललो, आणि सोर्सवरून काय काय बिल्ड केलंय हे न विचारता बोललो, ते चुकलंच. पण बसून लागलेला वेळ खरा होता सर. फ्रीबीएसडी १३ वरून १४ ला जाताना सिस्टिमसोबतच येणारं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ जाऊन ३ येतं, १.१.१ चा सपोर्ट सप्टेंबर २०२३ लाच संपला. लायब्ररीच्या फाइलचा नंबरच बदलतो, त्यामुळे जुन्या लायब्ररीला जोडलेलं एकूण एक पॅकेज परत बिल्ड करावं लागतं. अपग्रेड करणारी कमांड फ्रीबीएसडी-अपडेट स्वतः मध्ये थांबून सांगतं की आधी बाहेरचं सगळं रिबिल्ड करा, मग परत इन्स्टॉल चालवा, कारण त्या शेवटच्या फेरीत ते जुन्या लायब्ररी काढून टाकतं. घाईत ती फेरी आधी मारली की डोव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्राम) वगैरे सुरूच होत नाहीत, शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड म्हणून पडतात. त्यात तुमच्या क्लॅमएव्ही अँटीव्हायरसला बिल्ड करायला आता रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा लागते, आणि रस्ट ४ जीबी रॅमच्या मशीनवर बिल्ड करताना शनिवारी रात्री आउट ऑफ स्वॅप स्पेस (रॅम आणि डिस्कवरची जादा मेमरी दोन्ही संपली) येऊन कंपाइलर मेला, स्वॅप वाढवून, एका वेळी एकच जॉब ठेवून परत लावलं तेव्हा रविवारी दुपारी झालं. मुलगा रात्रभर तिथेच होता, पहिल्या ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येऊन आंघोळ करून परत महापेला गेला. त्याने मेहनत केली, चूकही त्याच्याच हातून झाली, दोन्ही खरंय.

बिलातला रविवारचा चार्ज आज परत पाठवतोय. पोस्टफिक्स लॉक केलाय. पुढच्या वेळी पॅकेज आमच्या नौपाड्याच्या मशीनवर पूद्रियर या पॅकेज बिल्ड करायच्या टूलमध्ये तुमच्याच ऑप्शनने बिल्ड करून आणू, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर फक्त इन्स्टॉल राहील. कुठल्या पॅकेजला कोणता ऑप्शन आहे त्याची यादी प्रिंट काढून शनिवारी मी स्वतः घेऊन येतो, ती सर्व्हरच्या रॅकवर चिकटवून ठेवू, उद्या दुसऱ्या कोणाला काम दिलंत तरी त्याला ती लागेल.