ठिपके, गोटे आणि कपच्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा मुकाट्याने माझाच नकाशा पुन्हा उघडला, अश्मयुगातली दगडी हत्यारं जिथे सापडली तिथे ठिपके काढून त्यांना वस्त्या म्हणणारा. "दगडी हत्यार सापडलं की ठिपका काढायचा आणि त्याला वस्ती म्हणायचं, हे पुरानंतर नदीकाठच्या चपला मोजून गावाची शिरगणती करण्यासारखं आहे," असं तुम्ही लिहिलंत.

प्रवरेपुरतं तुमचं बरोबर आहे. नेवाशाजवळ नदीच्या जाड रेतीत मिळणारी कित्येक हत्यारं वाहत आलेली असतात. तशी एक हातकुऱ्हाड मी हातात घेतली आहे. कडा वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत! ती कुठे घडली, ते आता कोण सांगणार? असे ठिपके 'वस्ती'च्या रंगात रंगवले ही माझी चूक. रंग बदलतोय.

हुणसगीचं मात्र तसं नाही. कर्नाटकातल्या हुणसगी-बैचबाळ खोऱ्यांत डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी 1970च्या दशकापासून वर्षानुवर्षं पायपीट केली आणि सुमारे 500 चौरस किलोमीटरांत अश्युलियन हत्यारांच्या, म्हणजे हातकुऱ्हाडींसारख्या फार जुन्या अश्मयुगीन घडणीच्या हत्यारांच्या, 200च्या आसपास जागा नोंदवल्या. त्यांतलं इसामपूर म्हणजे कारखानाच. चुनखडीच्या लाद्या, त्यांच्याशेजारी अर्धवट घडलेली हत्यारं, घडवताना उडालेल्या कपच्या, ठोकायला वापरलेले गोटे. बोटाच्या पेराएवढी कपची पुरात सगळ्यांत आधी वाहून जाते. तीच गाभ्याशेजारी, म्हणजे ज्या दगडातून ती उडाली त्याच्याशेजारी, पडलेली असेल, तर तिथे नदीला कशाला मध्ये आणायचं? प्राण्यांच्या दातांच्या एनॅमलवरून या जागेचं वय सुमारे 12 लाख वर्षं निघालं आहे.

पद्दय्यांचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात माणसं बारमाही झऱ्यांपाशी एकत्र येत आणि पावसाळ्यात खोरंभर पांगत. मला ते पटतं. पण तुम्ही न घेतलेला आक्षेप मीच घेतो: हे सगळे ठिपके एकाच वर्षातले नाहीत, कितीतरी हजार वर्षं एका कागदावर चिकटवलेली आहेत. झऱ्यापाशी दिसणारी गर्दी म्हणजे एक मोठी टोळी, की शंभरदा येऊन गेलेलं एकच कुटुंब, हे नुसत्या ठिपक्यांवरून कळत नाही.

"कोकण रिकामं दाखवलंत, मग तिथे माणूस नव्हता का?" तसं मी लिहिलं नव्हतं, पण पांढरा सोडलेला भाग वाचणारा तसाच वाचणार. इसामपूरसुद्धा वरचा गाळ खणून नेल्यावर उघडं पडलं. तेव्हा कोकणाला राखाडी रंग, 'माहिती तोकडी' म्हणून.

तुमच्या बांधावर सापडलेल्या दगडाचा फोटो जरूर पाठवा, पण कडेच्या बाजूने काढलेला. आणि आसपास कपच्या दिसल्या, तर काही उचलू नका. आधी जागा लिहून ठेवा.