बेंजो, बँजो आणि नंदूमामा

गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला 'बँजो' म्हटलं की एकच चित्र दिसतं. विसर्जनाची मिरवणूक, हातगाडीवर जनरेटर, दोन कर्णे, आणि गळ्यात रुमाल बांधलेला एक पोरगा टाइपरायटरसारखी बटणं दाबत कोळीगीतांची माळ लावतोय. आम्ही त्याला बेंजो म्हणायचो आणि वाजवणाऱ्यांना बेंजो पार्टी. ते वाद्य म्हणजे बुलबुलतरंग आणि त्याचं माहेर जपानात, हे कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. त्यामुळे इथे सॅन होजेला आल्यावर ऑफिसातल्या एकानं 'रविवारी बँजो ऐकायला येतेस का' असं विचारलं, तेव्हा मी मनातल्या मनात अंगावरचा गुलाल झटकून घेतला. जाऊन बघते तर बागेत खुर्च्यांचं कोंडाळं. गिटार, मँडोलिन, फिडल, माणसाएवढा उभा बेस, आणि डफावर तारा ताणाव्यात तसं दिसणारं ते इथलं बँजो. ढोलकी नाही, ताशा नाही, तरी माझा पाय काही थांबेना. तारांच्या वाद्यांवरच्या या इथल्या लोकसंगीताला ब्लूग्रास म्हणतात.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवडे चाललेलं भांडण. मावसभावाच्या मुलीनं, सईनं, तिच्या कॉलेजच्या बँडची क्लिप टाकली. तुकोबांचा अभंग, मागे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. मुंबईत असे बँड आता काही नवे नाहीत. 'अभंग रीपोस्ट'सारख्यांच्या कार्यक्रमांना तरुण पोरं उभ्यानं अभंग म्हणतात. पण आमचा नंदूमामा सदाशिव पेठेत राहतो आणि वर्षानुवर्षं सवाईला भारतीय बैठकीवर शाल पांघरून बसतो. त्यानं लिहिलं, 'तुकोबांना आता ड्रमसेट लागतो वाटतं.' झालं. अर्धं घर एकीकडे, अर्धं दुसरीकडे. सई ग्रुप सोडून गेली. मी मधे तोंड घातलं तर मामाचं ठरलेलं अस्त्र आलं: 'अगं, तू तिकडे बसून बोलू नकोस.'

तर तिकडे बसूनच बोलते.

२०२२ च्या १ एप्रिलला मॉली टटल या ब्लूग्रास गायिका-गिटारवादकाचा 'क्रुकेड ट्री' हा अल्बम आला. ही मुलगी आमच्याच भागातली, पालो आल्टोत वाढलेली. वडील संगीतशिक्षक. सिलिकॉन व्हॅलीतून ब्लूग्रास यावं म्हणजे हिंजवडीच्या आयटी पार्कातून कोणी कसलेला वासुदेव यावा तसं. २०१७ मध्ये ब्लूग्रासवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तिला वर्षातली सर्वोत्तम गिटारवादक ठरवलं. तोवर तो मान एकाही बाईला मिळाला नव्हता. एवढं करून तिचे आधीचे अल्बम या चौकटीत धड बसत नव्हते, त्यात पॉपचा वास होता. 'क्रुकेड ट्री' मात्र अगदी अस्सल वळणाचा. निर्मितीत तिच्या जोडीला डोब्रोचा, म्हणजे आडवी धरून वाजवायच्या गिटारचा, उस्ताद जेरी डग्लस, आणि एका गाण्यात साथीला तरुण ब्लूग्रास गिटारवादक बिली स्ट्रिंग्ज. २०२३ मध्ये त्याला ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं, पाठोपाठच्या 'सिटी ऑफ गोल्ड'लाही पुढच्या वर्षी मिळालं.

ग्रॅमीचं कौतुक मला फारसं नाही. मला ऐकणाऱ्यांचं वेड बघायला मिळालं, ते सांगते. सिएरा डोंगररांगेच्या पायथ्याशी ग्रास व्हॅली नावाचं जुनं सोन्याच्या खाणींचं गाव आहे. तिथे १९७६ पासून जूनमध्ये फादर्स डेच्या सुमाराला कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशनचा महोत्सव भरतो. लोक पाइनच्या झाडांखाली तंबू ठोकून चार-चार दिवस राहतात. स्टेज असतं, पण निम्मी जनता तिकडे फिरकतही नाही, तंबूंपुढे वाजवत बसते. मॉली लहानपणी वडिलांबरोबर इथे यायची. या अल्बमात त्यावरच एक गाणं आहे, गावाच्याच नावाचं. अल्बम आल्यानंतरच्या एका जूनमध्ये मी तिथे गेले तेव्हा प्रत्येक तिसऱ्या कोंडाळ्यात त्यातलं काहीतरी चालू होतं. कुठे बारा-तेरा वर्षांच्या दोन मुली, कुठे निवृत्त सुतार. एक बाई तर फोनवर तोच तुकडा मंद गतीनं पुन्हा पुन्हा लावून गिटारवर बोटं बसवत होती. अल्बम आवडला म्हणजे काय, तर तो वाजवून बघितला. 'अप्रतिम', 'शब्दच नाहीत' असलं कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. लोक विचारत होते, 'ती कॅपो कितव्या पडद्यावर लावते?' कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावून सूर चढवायचा चिमटा.

या कोंडाळ्याला जॅम म्हणतात, आणि जॅमला रीत असते. गाणारा पट्टी सांगतो, 'बी'. बाकीचे त्यात बसतात. धृपद सगळ्यांनी म्हणायचं. कडव्यांच्या मधे एकेकाला ब्रेक मिळतो, म्हणजे एक आवर्तन तुझं, जे काय सुचेल ते. मानेनं खूण करून पुढच्याकडे सोपवायचं. येत नसेल तर मान हलवून 'नको' म्हणायचं, कोणी हसत नाही. शेवट जवळ आला की गाणारा पाय उचलतो. ढोलकी नसल्यामुळे मँडोलिनवाला दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तारा दाबून 'चक्' असा आघात देतो. टाळांचं काम तोच करतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला परकं काहीच वाटलं नाही. आमच्या चाळीत गुरुवारी भजन असायचं. बाबा टाळ धरायचे, तळमजल्यावरचे कोकणातले एक आजोबा पखवाज, आणि अभंग एकेकानं घ्यायचा. चाल बिघडली तर पुढच्यानं सावरून घ्यायची.

आता कोणी म्हणेल, तिकडे सगळं गोडीगुलाबीनं चालतं. अजिबात नाही. शुद्धतेचे पहारेकरी ब्लूग्रासमध्ये सवाईच्या मंडपाइतकेच आहेत. या संगीताचा जनक बिल मन्रो केंटकीतल्या रोझीनचा. त्याच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या बँडवरूनच प्रकाराला नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरात त्यात अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनी बँजो वाजवणारा पोरगा आला आणि जो नाद तयार झाला तो पुढे 'मूळ' ठरला. तेव्हापासून कोणी ड्रम आणला, बेस विजेवर चालवला, केस वाढवून स्टेजवर गेला की भुवया वर. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात २००१ मध्ये वॉरन हेलमन नावाच्या बँजोवेड्या धनिकानं एक फुकट महोत्सव सुरू केला, नाव 'स्ट्रिक्टली ब्लूग्रास'. कडकपणे फक्त ब्लूग्रास. काही वर्षांतच त्याचं 'हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास' झालं, म्हणजे कडकपणाचं फारसं मनावर घेऊ नका. पाटी बदलली आणि वादातली हवाच गेली. आपल्याकडे असं नाव बदलायचं म्हणजे आधी परिसंवाद ठेवावा लागेल.

गंमत अशी की मूळ म्हणून ज्याची शपथ घेतात ते मूळही स्वच्छ नाही. १९४५ च्या सुरुवातीला मन्रोनं जी ध्वनिमुद्रणं केली त्यात चक्क अकॉर्डियन आहे, आणि ते वाजवणारी एक बाई, सॅली ॲन फॉरेस्टर. भाता असलेलं वाद्य, ब्लूग्रासच्या देवघरात! मला हे वाचताना आपली पेटी आठवली. युरोपातून आलेली, १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हद्दपार केलेली, तीसएक वर्षं तिथे उंबऱ्याबाहेर बसलेली. आणि आज नंदूमामाला पेटीशिवाय अभंग म्हणजे मिठाशिवाय वरण.

दुसरी गोष्ट गंमतीची नाही. बँजोचे पूर्वज आफ्रिकेतले, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आलेले. मन्रो ज्यांच्याकडून शिकला त्यांत अर्नोल्ड शुल्ट्झ नावाचा काळा गिटारवादक होता, हे मन्रोनं स्वतः मान्य केलेलं आहे. तरी ग्रास व्हॅलीच्या त्या पाइनखाली बघाल तर बहुतेक चेहरे गोरे. माझ्यासारखी सावळी बाई मँडोलिन घेऊन बसली की लोक जरा जास्तच प्रेमानं वागतात, त्यावरून काय ते समजावं. ज्या वर्षी मॉलीला तो गिटारचा मान मिळाला, त्याच वर्षी त्याच संघटनेच्या संमेलनात रियानन गिडन्स या काळ्या गायिका-बँजोवादकानं मुख्य भाषणात हाच इतिहास सगळ्यांसमोर मांडला. निदान व्यासपीठावरून कोणीतरी बोललं आणि समोरच्यांनी ऐकून घेतलं. लावणीची परंपरा म्हणून आपण टाळ्या पिटतो, पण ती ज्या फडावरच्या बायकांनी टिकवली त्यांना 'शुद्ध लावणी' ठरवणाऱ्या समितीत खुर्ची असते का, हा प्रश्न मी आमच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर मामानं गणपतीचा स्टिकर पाठवला.

अल्बमच्या नावाचंही सांगायचं राहिलं. 'क्रुकेड ट्री' म्हणजे वाकडं झाड. लाकूडतोडे येतात, सरळसोट झाडं कापून नेतात, वाकडं तेवढं उभं राहतं. मॉलीला लहानपणी अॅलोपेशिया झाला, डोक्यावरचे केस गेले. हे गाणं म्हणताना ती कित्येकदा स्टेजवर विग काढून ठेवते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी चालवत होते आणि तोंडातून आपोआप निघालं, 'छिद्यन्ते सरलास्तत्र कुब्जास्तिष्ठन्ति पादपाः'. चाणक्यनीतीतलं हे सुभाषित मला शाळेत नंदूमामानंच पाठ करून घेतलं होतं.

म्हणून मामाला मी एवढंच विचारते. तू रागावलास, ठीक. इथेही रागावतात. पण इथे रागावलेला म्हातारा आणि जांभळ्या केसांची पोरगी रविवारी एकाच कोंडाळ्यात बसतात, आणि तिनं 'बी' म्हटलं की त्याला बीमध्येच वाजवावं लागतं. राग असला तरी मानेनं खूण करून तिला आवर्तन द्यावंच लागतं. आपल्याकडे तसं बसायची जागा कुठे उरलीय? आमची चाळ पाडली, टॉवर झाला, त्यात क्लब हाऊस आहे. तिथे गुरुवारी झुंबा असतो. बाबांचे टाळ माझ्याकडे इथे कपाटात आहेत. तू स्वतः, मामा, सुट्टीत आलास की त्या भजनात दुसरी ओळ उचलायचास, तुझा आवाज वरच्या पट्टीत छान लागायचा. शेवटचा अभंग तू कधी म्हटलास? ऐकलास नव्हे, म्हटलास? सईनं निदान म्हटला तरी. वारीत ड्रम आणला तर मीही नाक मुरडेन, दिंडीची शिस्त मला प्यारी आहे. पण तू आणि सई, दोघंही आता अभंग फोनवर ऐकता आणि फोनवरच भांडता.

हे मी ग्रुपवर टाकलं नाही, मामाला वेगळं पाठवलं. सोबत वाकड्या झाडाचं गाणं. दोन दिवस निळ्या टिका तशाच. मग उत्तर आलं, 'तंबोरा नाही म्हणून उघडं उघडं वाटतं. पोरगी सुरात आहे.' सईबद्दल काहीच नाही.

दरम्यान मॉलीनंही आपला बँड मोडला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा अल्बम काढला. त्यात ड्रम आहेत, पॉप आहे, एक तर चक्क डान्स क्लबात वाजणारं गाणं तिनं आपल्या पद्धतीनं म्हटलंय. आमच्या महिन्याच्या जॅममध्ये एक पंच्याहत्तरीचे बँजोवाले आहेत. 'क्रुकेड ट्री'ची सीडी त्यांनी तिघांना भेट दिली होती. या नव्या अल्बमबद्दल ते दोन महिने बोलायला तयार नव्हते. परवा पट्टी विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनी खाली बघत एक धून सुरू केली, आणि दोन मात्रांत सगळ्यांना कळलं की ही त्या नव्यातलीच. त्यांची बायको थर्मासमधून कॉफी ओतत माझ्या कानाशी म्हणाली, 'गाडीत येताना दुसरं काही लावूच देत नाहीत.' ड्रम नव्हताच. मी मँडोलिनवर 'चक्' द्यायला लागले, थोडी मागे पडले, त्यांनी न बघता पाय आपटून मला मात्रेवर आणलं.