विळी, फोडणी आणि लिव्हर

सासूबाईंच्या पोळ्या वेड्यावाकड्या व्हायला लागल्या तेव्हा मी मनात म्हटलं होतं, कंटाळल्या असतील. चहा देताना काकणं किणकिणायची, कप बशीवर वाजायचा. दुपारभर डुलक्या आणि रात्री दोनला देवघरात काहीतरी आवरत बसलेल्या. आमच्या घरी निदान ठरलेलं होतं : वय झालं.

निघालं लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हरवर व्रण पडत ते निबर होणं. मधुमेह जुना, सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' कितीदा लिहून आलेलं, आणि 'ते हल्ली सगळ्यांनाच असतं' म्हणून फाइलीत गेलेलं. बातमी कळल्यावर प्रत्येक नातेवाइकाचं पहिलं वाक्य एकच, "पण त्या तर घेत नाहीत!" चहाव्यतिरिक्त कसलंही व्यसन नसलेल्या बाईला हे दहा जणांना समजावत बसावं लागलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

तर, लिव्हर पोटात आणि बिघाड हातात, हे कसं? आतड्यात तयार होणारा अमोनिया लिव्हर एरवी युरियात बदलून टाकतं. लिव्हर थकलं की तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो. मग माणूस आधी मंदावतो, झोप उलटीपालटी होते, हाताचा अंदाज चुकतो. डॉक्टरांनी त्यांना हात पुढे करून, गाडी थांबवतो तसे तळवे उभे धरायला सांगितले. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले. काकणं वाजली. तो आवाज मी कित्येक महिने ऐकत होते.

पण त्याआधी एका ठिकाणी तपासणीत विचारलं होतं, गाडी चालवता का? नाही. नोकरी? नाही. म्हणजे अडचण काही नाही! लिहिलं 'गृहिणी', विषय संपला. अहो, ही बाई दिवसातून दोनदा विळीवर बसते, उकळतं दूध उतरवते, फोडणीत हात घालते. त्यांच्या मनगटावर तीन डाग होते भाजल्याचे. गाडीवर हात चुकला तर अपघात म्हणतात, ओट्यावर चुकला तर धांदरटपणा. मीही तेच म्हटलं होतं, आणि तेही त्यांना ऐकू जाईल असं.

औषध साधं आहे, लॅक्ट्युलोजचं गोड पातळ औषध. दिवसाला दोन-तीनदा पोट साफ झालं पाहिजे, त्यातून अमोनिया बाहेर जातो. कागदावर सोपं. आता हेच औषध घेऊन एसटीने चार तास लग्नाला जा बरं! बायकांनी जावं असं स्वच्छतागृह वाटेत कुठे आहे, ते आधी सांगा. आईंनी गुपचूप दोन दिवस डोस चुकवले. लग्नातून परतल्या त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत. कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर संडासाची सोय लिहिलेली नसते.

दुसरं भांडण उपासांचं. सिरॉसिसमध्ये फार वेळ पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू खातं, आणि लिव्हर दमल्यावर अमोनिया आवरायला मदत करतात ते हेच स्नायू. म्हणून रात्री झोपतानाही थोडं खायचं असतं. आणि आमच्याकडे एकादशी, चतुर्थी, हरतालिका! शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही डाळही बंद केली होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सरसकट डाळ तोडायचा सल्ला जुना झाला, प्रथिनं उलट पुरेशी हवीत.

बायकांचं दुखणं आकड्यांतही कमी दिसतं, हे नंतर वाचलं. प्रत्यारोपणाच्या यादीत कोण किती आजारी हे ठरवणाऱ्या मेल्ड गुणांकनात क्रिएटिनिन धरतात, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा. बायकांचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून किडनी आहे त्यापेक्षा बरी भासते. अमेरिकेत २०२३ पासून स्त्रियांना यासाठी १.३३ गुण वाढवून देतात. आमच्या घरात एवढे गुणही कुणी दिले नव्हते.

मेंदू किती मंदावलाय ते बघायची एक चाचणी मात्र आईंना आवडते. एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगायचे. पहिल्यांदा गाय, म्हैस, शेळी करत आठवर अडकल्या आणि परत गाईवर आल्या. आता रविवारी नातू घड्याळ घेऊन बसतो. परवा पंधरा झाले. पंधरावं नाव त्यांनी बाबांचं घेतलं. लग्नानंतर उखाण्याशिवाय पहिल्यांदाच, म्हणाल्या. नातवाने धरलं, मी चौदाच लिहिले.